जर्सीवर युनिव्हर्सिटी, वर्गात कॉलेज!

मेडल बघून ॲडमिशन घ्यायची की रँकिंग बघून? खेळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. पण या दोन याद्या एकाच विद्यार्थ्यांबद्दल बोलतात का?

बारावीचा निकाल लागला की श्रीपूरच्या एस.टी. थांब्यावर दोनच विषय असतात. कुठल्या कॉलेजचं ग्राउंड भारी आणि कुठल्या युनिव्हर्सिटीचा रँक वरचा. तुम्ही नुसते अभ्यासू असाल तर दुसऱ्या प्रश्नावर काम भागतं. पण खेळत असाल तर दोन्ही हवं असतं. आणि आपला माळशिरस तालुका म्हणजे खेळणाऱ्यांचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप जिंकणाऱ्या भारतीय संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. तेव्हापासून इथल्या मैदानांवर संध्याकाळी पळणारी पोरं-पोरी ‘आपलंही होईल’ असं म्हणतात, ते उगाच नाही.

पण खेळासोबत डिग्रीचं काय?

माझी एक मैत्रीण खो-खो खेळायची. सेकंड इयरला तिचं युनिव्हर्सिटी टीममध्ये सिलेक्शन झालं, ती वेस्ट झोन खेळली, ‘कलर होल्डर’ झाली. गावात बॅनर लागला. ती परत आली तेव्हा तिचे दोन पेपर होऊन गेले होते. ऑफिसवाले म्हणाले जिमखान्यात विचारा, जिमखान्यातले म्हणाले परीक्षा विभागात विचारा. शेवटी दोन विषय बॅक राहिले आणि फायनल इयरला तिने खेळ सोडला. ती एकदा सहज बोलून गेली, की आम्ही पहिलीच मॅच हरलो असतो ना, तर माझे पेपर झाले असते. मजा म्हणजे ॲडमिशन घेताना तिने युनिव्हर्सिटीचा रँक नीट तपासला होता.

झोन ठरतो नकाशावर

आधी सिस्टीम समजून घ्या. विद्यापीठांच्या स्पर्धा भरवते ‘असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज’. संस्था १९२५ पासूनची. देशाचे चार झोन आहेत. आपण वेस्ट झोनमध्ये, सोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा. म्हणजे १८५७ चं मुंबई विद्यापीठ, १९४९ चं पुणे विद्यापीठ आणि २००४ चं आपलं सोलापूर विद्यापीठ एकाच ड्रॉमध्ये येऊ शकतात. त्यांना एकत्र आणतो तो फक्त नकाशा. अभ्यासाची पातळी सारखी आहे म्हणून कुणी कुणाच्या गटात पडत नाही.

मग झोनमधल्या युनिव्हर्सिटींची अभ्यासात तुलना करायची कशी? सगळे दोन गोष्टी बघतात. एक नॅकचा ग्रेड, दुसरा एनआयआरएफचा रँक. एनआयआरएफ पाच गोष्टींवर मार्क देतं: शिकवणं आणि त्यासाठीची साधनं, संशोधन, पदवीनंतरचं चित्र, सर्व थरांतल्या विद्यार्थ्यांचा समावेश आणि लोकांमधलं मत. खेळ हा या पाचांत वेगळा निकष नाही.

आता २०२० चं उदाहरण घ्या. त्या वर्षी भुवनेश्वरला पहिल्या ‘खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स’ झाल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशात दुसरं आलं. त्याच वर्षी एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पुण्याचा नंबर नववा होता. वाटतं ना, की जे खेळात पुढे ते अभ्यासातही पुढे? थांबा. पुढच्या गेम्स २०२२ मध्ये बंगळुरूला झाल्या आणि तिथलीच जैन युनिव्हर्सिटी पहिली आली. एनआयआरएफच्या पहिल्या दहात तिचं नाव नव्हतं. म्हणजे एका वर्षाच्या जुळण्यावरून नियम काढता येत नाही.

दोन याद्या, दोन वेगळी माणसं

खरी गोम पुढे आहे. पुणे, मुंबई, शिवाजी, सोलापूर ही संलग्न कॉलेजं असलेली विद्यापीठं आहेत. युनिव्हर्सिटीची टीम बनते ती या कॉलेजांमधून. आधी इंटरकॉलेज, मग सिलेक्शन, मग कॅम्प. अकलूज, पंढरपूर, बार्शीच्या कॉलेजातली मुलं जर्सी घालतात आणि मेडल विद्यापीठाच्या खात्यात जातं. पण विद्यापीठाचा एनआयआरएफ रँक काढताना मोजले जातात ते मुख्यतः कॅम्पसवरचे विभाग. संलग्न कॉलेजांचा रँक वेगळ्या गटात लागतो आणि नॅकचा ग्रेडही प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र मिळतो.

म्हणजे मेडल टेबलमध्ये एक मुलगा मोजला जातो आणि रँकिंगमध्ये दुसराच. जो रँक बघून तुम्ही खूश होता, त्यात तुमचा वर्ग धरलेलाच नसतो.

पटत नसेल तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास बघा. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, फक्त एका जिल्ह्यासाठी. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी जर्सीवरचं नाव बदललं. वर्ग तेच, सर-मॅडम तेच, लायब्ररी तीच. पुढे २०२१ मध्ये शिवाजी विद्यापीठाला नॅकचा ‘ए प्लस प्लस’ मिळाला. तो ग्रेड हुकला म्हणून अकलूजच्या वर्गातलं शिकवणं बिघडलं का? आणि मिळाला असता तर सुधारलं असतं का?

अमेरिकेत खेळाडूच मोजतात

तिकडे युनिव्हर्सिटींचे खेळाचे गट असतात, त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांची ‘आयव्ही लीग’ आपल्याला हुशारीचा शिक्का वाटते, पण १९५४ मध्ये ती बनली खेळाची कॉन्फरन्स म्हणून. कुठली कॉन्फरन्स अभ्यासात भारी, यावर तिकडची पोरं तावातावाने भांडतात. हल्ली तर नकाशाही उरलेला नाही. पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी २०२४ पासून ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये खेळते.

पण त्यांच्याकडे एक कामाची गोष्ट आहे. प्रत्येक टीमचा वेगळा अभ्यासाचा स्कोअर निघतो, ‘ॲकॅडेमिक प्रोग्रेस रेट’. स्कॉलरशिपवरचा खेळाडू शिक्षणात टिकला तर एक पॉइंट, अभ्यासात पात्र राहिला तर दुसरा. हजारपैकी ९३० च्या खाली गेलात तर मोठ्या स्पर्धेतून बाहेर. कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या पुरुष बास्केटबॉल टीमने २०११ ला राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि २०१३ ला याच स्कोअरमुळे तिला स्पर्धेला मुकावं लागलं. युनिव्हर्सिटीचं नाव चांगलं होतं, पण तिथे मोजलं गेलं खेळाडूंचं शिक्षण. २०१४ ला तीच टीम परत आली आणि पुन्हा जिंकली.

ही सिस्टीम एकदम परफेक्ट आहे असं नाही. पण प्रश्न बरोबर विचारलेला आहे: जो खेळतो, तो शिकतोय का?

मग तुम्ही काय विचाराल?

आपल्याकडे असा स्कोअर कुणी छापून देत नाही. तो तुम्हालाच काढावा लागेल. ॲडमिशनआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. कॉलेजचा स्वतःचा नॅक ग्रेड काय? युनिव्हर्सिटीचा सांगू नका म्हणावं.

२. मागच्या तीन वर्षांत इथून किती जण युनिव्हर्सिटी खेळले आणि त्यांतल्या किती जणांची डिग्री वेळेत झाली?

३. स्पर्धा आणि पेपर एकाच तारखेला आले तर नियम काय? लेखी आहे का? अर्ज कुणाकडे द्यायचा?

४. क्रीडा संचालक पूर्णवेळ आहेत का?

५. तुम्ही घेणार त्या विषयाला शिकवायला किती जण आहेत?

पहिल्याचं उत्तर ऑफिसात मिळेल. बाकीच्यांसाठी संध्याकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर जा आणि थर्ड इयरच्या खेळाडूंशेजारी बसा. चहा तुमच्याकडून. ते खरं सांगतात, कारण ते त्यातून गेलेले असतात.

आणि ‘डिग्रीचं बघू नंतर, स्पोर्ट्स कोटा आहे ना’ असं कुणी म्हणालं तर एवढंच लक्षात ठेवा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण पदासाठी जी शैक्षणिक पात्रता लागते, ती खेळाडूलाही लागतेच.

माझ्या मैत्रिणीने बॅक राहिलेले दोन्ही विषय नंतर काढले, पण खो-खो काही परत सुरू झाला नाही. वरचा तिसरा प्रश्न तिनेच सुचवला आहे. तो विचारल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका.