दिसायला सारखं, म्हणून प्रभाव? शेगावचं आनंदसागर आणि रोमन बाग

‘आधुनिक उद्यानांवर प्राचीन रोमन स्थळांचा प्रभाव’ असा विषय सिनॉप्सिसमध्ये लिहिलात, तर गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला: प्रभाव कशावरून? दोन फोटो शेजारी ठेवून भागत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. शेगावला गजानन महाराज संस्थानानं आनंदसागर उभारलं. तलाव, तलावात बेट आणि बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवर ध्यानकेंद्र. म्हणजे समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेल्या वऱ्हाडात समुद्रातलं स्थळ आणलं!

आता रोमजवळचं तिवोली. तिथं सम्राट हेड्रियनच्या दुसऱ्या शतकातल्या प्रासादात सुमारे १२० मीटर लांबीचा जलाशय आहे, काठाला पुतळे. त्याला ‘कॅनोपस’ म्हणतात. हे मूळ नाव इजिप्तमधल्या, नाईलच्या मुखाजवळच्या गावाचं. हेड्रियनच्या एका प्राचीन चरित्रातच नोंद आहे, की त्यानं प्रासादाच्या भागांना अशी दूरच्या स्थळांची नावं दिली होती. कल्पना शेगावसारखीच, लांबचं ठिकाण दारात आणायची. पण म्हणून शेगाववर रोमचा प्रभाव म्हणाल, तर व्हायवात अडकाल. एकच हौस दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उपजू शकते. शेगावचा धागा कन्याकुमारीकडे जातो, तिवोलीकडे नाही.

मग खरा प्रभाव कसा दिसतो? पिर्रो लिगोरिओ बघा. सोळाव्या शतकात या माणसानं हेड्रियनच्या प्रासादात उत्खनन केलं, त्याची वर्णनं लिहून ठेवली, आणि जवळच ‘व्हिला देस्ते’ची कारंज्यांची बाग त्यानंच आखली. जुन्या प्रासादातले पुतळेही तिकडे नेले गेले. बघणारा, लिहिणारा आणि आखणारा एकच! इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

सार्वजनिक पार्कांपर्यंत येताना मात्र हा धागा विरळ होतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार ओल्मस्टेड १८५० मध्ये इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क पाहून आला आणि त्यानं त्यावर लिहिलं. तो दुवा पक्का. पण तिथून थेट रोमला उडी मारायची, तर मधल्या प्रत्येक पायरीचा कागद लागेल.

आनंदसागरवर काम करायचं असेल, तर आधी आराखडे, संस्थानाचे ठराव आणि प्रत्यक्ष राबलेले कारागीर यांच्याकडे जा. मुलाखती लवकर घ्या, माणसं थकत चालली आहेत. हो, आणि येताना कचोरी खाऊनच या.