खुराडे उघडताना दोन मिनिटे थांबा



उसाचे पान पिवळे पडले की आपण शेती खात्याच्या माणसाला गाठतो. बैलाने एक वेळ वैरणीला तोंड लावले नाही तर घरात कुणाला घास गोड लागत नाही. पण परसातली कोंबडी दोन दिवस गप बसली तर 'खुडूक झाली असेल' म्हणून सोडून देतो, आणि चौथ्या दिवशी खुराडे रिकामे झाले की 'मर लागली' म्हणतो. म्हसवड भागात, माणगंगेच्या काठाला, पाऊस बेभरवशाचा. उसाचे बिल यायचे तेव्हा येते. तोवर मीठमिरची आणि पोरांच्या वह्या अंड्यांवर भागतात. तो पैसाही बहुतेक घरांत बाईच्या हातचा असतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

कोंबडी दुखणे लपवते. दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचतात, म्हणून ती शक्य तोवर अंग सावरून चालते. ती उघड आजारी दिसते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. यासाठी सकाळी खुराडे उघडताना दोन मिनिटे उभे राहून पाहावे.

काय पाहावे? दार उघडताच कोण बाहेर पडत नाही? दाणे टाकल्यावर कोण मागे राहते? पिसे फुगवून, डोळे मिटून, पंख पाडून कोण बसली आहे? तुरा फिकट किंवा निळसर झाला आहे काय? विष्ठा तपकिरी आणि वर पांढरा थर असलेली असावी. हिरवी, पाण्यासारखी किंवा रक्ताची दिसली तर सावध व्हावे. संध्याकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपावी, ती भरलेली लागली पाहिजे. रात्री शांत झाल्यावर खुराड्याला कान लावावा. घरघर किंवा शिंका दिवसा ऐकू येत नाहीत, रात्री येतात.

प्रत्येक बदल रोग नव्हे. खुडूक कोंबडी अंडी सोडत नाही, हात नेला तर फुगून गुरगुरते. पण तिचे डोळे तरतरीत असतात आणि ती उठून दाणापाणी करते. वर्षातून एकदा जुनी पिसे झडतात, तेव्हा अंडी थांबतात. एप्रिल-मेच्या उन्हात चोच उघडून धापा टाकणेही नेहमीचे. सावली आणि गार पाणी मिळाल्यावर ते थांबले पाहिजे. थांबले नाही तर दुखणे समजावे.

नेहमीचे रोग. सर्वांत घातक राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. हिरवी हगवण, श्वासाला त्रास, मान वाकडी, पाय-पंख लुळे, आणि पटापट मर. यावर औषध नाही, फक्त लस आहे. देवीत तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात. ती डासांमुळे पसरते. पिलांना रक्ती हगवण लागते ती ओल्या जागेमुळे. म्हणून खाली पाचट घालत असाल तर ते कोरडे ठेवा, बुरशी आलेले काढून टाका. रानात कीटकनाशक टाकले किंवा औषध लावलेले बी उघडे राहिले आणि त्याच दिवशी कोंबड्या एकदम पडल्या, तर विषबाधेचा संशय धरावा.

मग करायचे काय? संशय आला की पहिले काम वेगळे करणे. आजारी कोंबडी दूर सावलीत डालग्याखाली ठेवा. तिला वेगळे पाणी द्या. आधी निरोगी कोंबड्यांचे करा, मग आजारीचे. नंतर हात साबणाने धुवा. त्यानंतर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिले तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या.

आणि एक कळकळीचे सांगणे. मरायच्या आत चार पैसे होतील म्हणून आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका. तुमचे दीडशे रुपये सुटतील, पण दहा घरची खुराडी बसतील. मेलेली कोंबडी ओढ्यात, पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकदम पुष्कळ मेल्या तर मात्र हात न लावता आधी कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तोच रोग निघाला. लपवाछपवीने असा रोग वाढतो आणि माणसालाही धोका होतो.

लसीचे गणित. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून. लस बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभरावर मात्रा असतात. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही आणि वाया जाते. म्हणून वस्तीतल्या आठ-दहा घरांनी दिवस ठरवून एकत्र लस टोचून घ्यावी. तोडणीच्या हंगामात टोळ्यांबरोबर त्यांच्याही कोंबड्या येतात. त्यांनाही यात घ्यावे, कारण रोग बिऱ्हाड पाहून येत नाही. नवी कोंबडी कुठूनही आणली तरी पंधरा-वीस दिवस वेगळी ठेवावी.

एकेकट्याच्या उसाला कारखाना निघत नव्हता म्हणून आपण सहकार केला. लसीच्या कुपीचे गणितही तेच आहे. हा अंक वाचून झाला की घरात जी कोंबड्यांचे करते तिला वाचून दाखवावा.