‘बाई, मला शू आली!’

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सांगलीहून लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. ‘‘आई, तू चार दिवस ये गं. शाळेनं सांगितलंय, शी-शू सांगता येत असेल तरच मुलाला पाठवा. पंधरा दिवसांत शाळा सुरू होतेय आणि हा काही दाद देत नाही.’’

नातू पावणेतीन वर्षांचा. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याहून कराडमार्गे जाणारी एस. टी. पकडली.

विश्रामबागेतल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये परीक्षेचं वातावरण होतं. दर अर्ध्या तासाला नातवाला पॉटवर बसवलं जाई. स्वारी दहा मिनिटं बसे, गाणी म्हणे, उठे आणि लगेच दाराआड जाऊन कार्यभाग उरके. मग आरडाओरडा, एखादी चापटही. मी पोहोचले त्याच्या आधीचे तीन दिवस त्यानं शीच केली नव्हती. पाय आवळून कोपऱ्यात उभा राहायचा आणि रडायचा.

लेकीला वाटत होतं, हा हट्ट आहे. बालरोगतज्ज्ञांनी वेगळंच सांगितलं. शी रोखली की ती कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखेल या भीतीनं मूल आणखी रोखतं. असं हे चक्र. त्यांनी शी मऊ होण्याचं औषध दिलं, पाणी, फळं, भाज्या वाढवायला सांगितल्या आणि म्हणाले, ‘‘पॉट दोन आठवडे माळ्यावर टाका. घरात त्याचं नावही काढू नका.’’

परतताना मी नेहमीचं वाक्य बोलून गेले, ‘‘तू तर वर्षाची असतानाच सांगायला लागली होतीस!’’ लेकीचा चेहरा उतरला आणि माझी मलाच लाज वाटली. कारण ते खरं नव्हतं.

साताऱ्याच्या आमच्या वाड्यात काय होत होतं? सकाळी उठलं की पाय पसरून बसायचं, बाळाला पावलांवर बसवायचं आणि ‘शी-शी’, ‘शू-शू’ असा आवाज काढायचा. बाळ तेवढ्यात मोकळं होई. पण सांगत कुठं होतं? त्याच्या वेळा आम्ही ओळखायचो. शिकलेलो आम्ही होतो, बाळ नव्हे! लंगोट ओला झाला की तत्क्षणी कळे, सारवलेली जमीन पुसायला वेळ लागत नसे आणि आजी, काकू, आत्या असे दहा हात घरात असत. नोकरी करणाऱ्या आजच्या आईला हे हात नाहीत. तिनं डायपर वापरला तर तिला नावं ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

मूल तयार आहे हे ओळखायचं कसं? दोन तास तरी चड्डी कोरडी राहते का? त्याला उकिडवं बसून उठता येतं का? ‘चड्डी काढ आणि इकडे ये’ एवढं कळतं का? शी होताना ते आडोसा शोधतं का? ओलं झालेलं त्याला खुपतं का? शब्दानं, खुणेनं सांगू पाहतं का? यातलं बरंचसं जुळून आलं की सुरुवात करावी. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांचा अनुभव मांडला. मुलाच्या कलानं घेतलं तर दिवसाची सवय सरासरी २८ महिन्यांच्या आसपास लागली होती. सरासरी म्हणजे कुणी आधी, कुणी नंतर. रात्रीचं अंथरूण तर पाच-सहा वर्षांपर्यंतही ओलं होऊ शकतं. मात्र लागलेली सवय एकाएकी मोडली, लघवीला जळजळ होऊ लागली, शीतून रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवावं.

आता शाळेकडे वळू. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मुलांची स्वच्छता हा तिथं शिक्षणाचाच भाग होता. स्वच्छ होऊन ये आणि मग शीक, अशी अट नव्हती. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या आल्या. सांगली जिल्ह्यातल्याच अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावोगाव संडासाचा विषय चारचौघांत बोलला जाऊ लागला. पण तीन वर्षांच्या मुलाच्या नजरेनं शाळेचा संडास कधी पाहिलाय? मोठं भांडं, ओली फरशी, अंधार, हाताला न येणारी कडी. मोठ्या माणसालाही नको वाटेल! म्हणून शाळा सुरू होण्याआधी मुलाला तो दाखवून आणावा. बटणाची, पट्ट्याची नको, इलॅस्टिकची सैल चड्डी घालावी. दप्तरात दोन जादा चड्ड्या ठेवाव्यात. मुलींना पुढून मागे धुवायला आणि सगळ्यांनाच साबणानं हात धुवायला शिकवावं. घरात म्हणतो तोच शब्द बाईंना सांगून ठेवावा.

आम्हीही तेच केलं. लेक शाळेत गेली आणि स्पष्ट बोलली, ‘‘अजून त्याला जमत नाही. थोडं सांभाळून घ्याल का?’’ तिला वाटलं, प्रवेश जाणार. पण वर्गाच्या बाई म्हणाल्या, ‘‘महिनाभर उशिरा पाठवा. आणि झालीच ओली तर चड्डी बदलू, त्यात काय!’’ कागदावरची अट माणसाशी बोलल्यावर एवढी सैल होते, हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं.

जुलैत नातू शाळेत गेला. पहिल्या दिवशी चड्डी ओली, दुसऱ्याही दिवशी. बाईंनी गाजावाजा न करता बदलली. तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याला फोन वाजला.

‘‘आजी, मी बाईंना सांगितलं!’’

‘‘काय सांगितलंस रे?’’

‘‘बाई, मला शू आली!’’

त्याच रात्री अंथरूण ओलं झालं. लेकीनं चादर बदलली, त्याला कुशीत घेतलं आणि कुणी काही बोललं नाही.