घर तुटले, मग नवे झाले : ख्रिस्ती श्रद्धेतला ‘नवा जन्म’ समजून घेताना

गुड फ्रायडेला शोक आणि तिसऱ्या दिवशी ईस्टरचा आनंद. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या दोन दिवसांत आहे. पण ‘नवा जन्म’ प्रत्यक्ष घरात येतो तेव्हा काय होते? नेकनूरच्या वाचकांना याचे उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या नगरमध्ये (आताचे अहिल्यानगर) टिळक दांपत्याने ते जगून दाखवले.

‘नवा जन्म’ म्हणजे काय?

बाप्तिस्म्यात माणूस पाण्यात जातो आणि बाहेर येतो. जुने आयुष्य मागे पडले, नवे सुरू झाले, असा त्याचा अर्थ. योहानाच्या शुभवर्तमानात येशू गव्हाच्या दाण्याचा दाखला देतो. दाणा मातीत पडून मेला नाही, तर तो एकटाच राहतो. मेला तर भरपूर पीक देतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

नेमके काय घडले?

‘फुलांमुलांचे कवी’ नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते चित्पावन ब्राह्मण. त्या काळी धर्मांतर म्हणजे जात, नातेवाईक, पंगत सगळेच तुटणे. निर्णय टिळकांचा होता, पण घाव पत्नी लक्ष्मीबाईंवरही पडला. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या बाईला कोणी विचारले नव्हते. नवरा जिवंत असूनही त्यांना सुमारे साडेचार-पाच वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहावे लागले.

मग बदल कसा झाला?

एका दिवसात नाही. टिळकांनी पत्रव्यवहार तुटू दिला नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तरी सुरुवातीला सोवळे-ओवळे आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. खरी अडचण देव कोणता ही नव्हतीच. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, ही होती. विचार करता करता त्यांना पटले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. हे पटल्यावर १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

पुढे काय झाले?

अनेक निराधार मुले या घरात वाढली. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-कीर्तनात आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे बदल एकदाच करून संपला नाही. १९१९ मध्ये ते वारले. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यात आपले हाल त्यांनी लपवले नाहीत आणि नवऱ्याची चेष्टाही सोडली नाही. आज ते मराठीतले अव्वल आत्मचरित्र मानले जाते.

यातून काय घ्यायचे?

वेदना झाली म्हणजे माणूस आपोआप नवा होतो, असे नाही. त्या पाच वर्षांत हे घर कायमचे मोडूही शकले असते. ते सावरले, कारण एकाने सक्ती केली नाही आणि दुसरीने पटेपर्यंत होकार दिला नाही. घरातला एखादा माणूस श्रद्धा, जात किंवा वाट बदलतो, तेव्हा बाकीच्यांना वेळ हवा असतो. तो देणे हाही श्रद्धेचाच भाग आहे.

थोडक्यात

• १८९५ : ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा
• १९०० : लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा
• १९१७ : ‘देवाचा दरबार’
• १९१९ : टिळकांचे निधन
• १९३६ : लक्ष्मीबाईंचे निधन