पट घटतो तेव्हा…

मे महिना लागला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी एकच चर्चा असते, पोराला कुठल्या शाळेत घालायचे? पहिलीचा विचार सगळेच करतात. मला काळजी वाटते ती पाचवीनंतरच्या वर्गांची. मी पदवीच्या वर्गांना शिकवतो. खेड्यातून आलेला मुलगा साध्या शेकडेवारीला किंवा कन्नडमधल्या अर्जाला अडखळला, की मी विचारपूस करतो. बहुधा उत्तर एकच येते, "सर, सहावी-सातवीला गणिताला शिक्षकच नव्हते."

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा याबाबत स्पष्ट आहे. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, समाज विज्ञान आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. वर्षाला कामाचे २२० दिवस भरले पाहिजेत.

मग अडते कुठे? शिक्षकांची पदे पटावर ठरतात. गावातली दहा-बारा मुले इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसली, की पट उतरतो. एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या गावी जातो. उरलेले दोघे सगळे वर्ग सांभाळतात. शिकवणे पातळ होते, आणि ते पाहून आणखी चार पालक दाखला काढतात. पट आणि गुणवत्ता असे एकमेकांना खाली ओढतात. शेवटी मागे राहतात ती मजुरांची मुले आणि मुली. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात लांबच्या शाळेची बस चुकली की दिवस गेला. असे चार दिवस गेले, की मुलीला घरीच ठेवले जाते.

माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी सांगितले आहे. त्यामुळे मी कुणाला दोष देणार नाही. पण मराठी शाळेत घातले तर मूल कन्नडला पारखे होईल, ही भीती आता धरू नये. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने कन्नड हा विषय सर्व शाळांत सक्तीचा झाला आहे. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांना तो जडही जात नाही.

पालकहो, दाखला काढण्याआधी एकदा गावच्या शाळेत जाऊन या. पटावर किती आणि हजर किती, ते पाहा. गणित-विज्ञान कोण शिकवते, ते विचारा. सातवीच्या मुलाला एक परिच्छेद वाचायला आणि एक भागाकार करायला सांगा. उणीव दिसली, तर शाळा सुधारणा समितीत आपले पालकच असतात. त्यांच्यामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. एका गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून मुले गावातच ठेवायचे ठरवले, तर एका शिक्षकाचे पद वाचू शकते. ते पद शेजारच्या मजुराच्या मुलीलाही लागणार आहे.