दादऱ्यावरून जाणारी वाट

सिल्वासातील टोकरखाड्याहून सकाळी वापी स्टेशनाकडे निघालेला माणूस पिपरिया मागे टाकतो, लवाछ्यापाशी गुजरातेत शिरतो, दादऱ्यात पुन्हा केंद्रशासित मुलखात येतो आणि थोडे पुढे जाताच पुन्हा गुजरातेत उतरतो. पण एवढी राज्यांतरे घडूनही कारखान्यांची धुराडी आणि ट्रकांची रांग यांवाचून त्याच्या दृष्टीस वेगळे असे काही पडत नाही.

अमेरिकेतील 'रूट ६६' हा १९२६ साली मुक्रर झालेला महामार्ग १९३७ मध्ये सांता फे शहराला वगळून सरळ केला गेला आणि १९८५ मध्ये सरकारी यादीतून खारीज झाला. त्याचे सांडलेले तुकडे धुंडाळणारे हौशी लोक तेथे पुष्कळ आहेत. आमच्या वाटेची कूळकथा मात्र माळावर नव्हे, दप्तरात शोधावी लागते, कारण येथे पालटत राहिला तो तिच्यावरून जाण्याचा हक्क.

१७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना त्यांच्या दमणलगतचा १२,००० रुपये वार्षिक वसुलाचा मुलूख देऊ केला, आणि पुढे १७८३ व १७८५ साली नगर हवेली व दादरा त्यांच्या हाती गेले. पुणे दरबाराने दिला तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे. परंतु पेशवाई बुडाल्यावर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना तेथले धनी म्हणूनच वागविले. दमण समुद्रकाठी, हवेली आत आणि मध्ये परकी जमीन, अशी ही चमत्कारिक मांडणी असल्यामुळे दमणच्या अंमलदाराला आपल्याच परगण्यात जाण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीतून जावे लागे. रयत, कारकून आणि व्यापाराचा माल यांची ये-जा रिवाजाने चाले. बंदूकधारी शिपायांसाठी मात्र इंग्रजांची परवानगी घ्यावी लागे.

१९५४ च्या ऐन पावसाळ्यात, २२ जुलैस दादरा, २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांच्या हातून पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, हे मराठी माणसाला सांगावयास नको. भारताने वाट बंद केली, तेव्हा पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली, आणि भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते छागला.

१२ एप्रिल १९६० चा निवाडा एखाद्या जुन्या कारकुनाने लिहावा तसा काटेकोर आहे. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क १९५४ मध्ये होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, असे अवघ्या ८ विरुद्ध ७ मतांनी. आणि भारताने आपल्या बंधनाचा भंग केलेला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी. एका मताच्या फरकावर तोललेला असा तुकडा आम्ही रोज रिक्षातून, पेंगत, ओलांडतो.

वाटेवरची तपासणी अद्याप पुरती सरलेली नाही. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे हद्दीच्या अलीकडे दारूची दुकाने दाटीने उभी आहेत, आणि पलीकडे पोलीस गाड्यांच्या डिक्या उघडावयास लावतात. माणसास कोणी अडवीत नाही, झडती होते ती बाटलीसाठी.