खाऱ्या वाऱ्यातली जुनी पिकअप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरीत जुनी गाडी बघायला गेलेला जाणता माणूस आधी बॉनेट उघडत नाही. तो खाली वाकतो, दाराच्या खालच्या कडेला हात घालतो आणि अंगठ्यानं पत्रा दाबून बघतो. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं. मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात हिंडलं किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाला सांगून ठेवलं की महिना-दोन महिन्यांत काहीतरी हाती लागतं. पण पत्रा आणि चासी गेली की गाडी गेली. गेली तीस वर्षं मी पत्र्याचंच काम करत आलो आहे, त्यामुळे आज बोलणार आहे तेही पत्र्याबद्दलच.

तीनेक वर्षांपूर्वी पावसकडच्या एका आंबा बागायतदारांनी दोरखंडानं ओढत एक गाडी माझ्या शेडमध्ये आणली. एफसी-१५०. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल. जीपच्याच चासीवर बांधलेली, चपट्या नाकाची ही पिकअप. अमेरिकेत विलिस कंपनीनं ती १९५६ च्या अखेरीस आणली, ब्रूक्स स्टीव्हन्स या आरेखनकारानं तिला रूप दिलं आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून महिंद्रानं ती आपल्याकडे बनवली. तिच्यात ड्रायव्हर इंजिनाच्या मागे बसत नाही, शेजारी बसतो. इंजिनावर मधोमध एक झाकण असतं आणि मे महिन्यात डाव्या पायाला त्याची चांगलीच धग लागते. फायदा असा, की पुढे बॉनेट नसल्यानं तेवढी जागा हौद्याला मिळते. दोन्ही आसांमधलं अंतर अवघं ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. तरीही मूळ अमेरिकन आराखड्यात हौदा ७४ इंचांचा, सहा फुटांहून जास्त.

गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आधी तिनं आंब्याच्या पेट्या वाहिल्या. पुढे काही वर्षं ती भाड्यानं मिरकरवाड्याला मासळी वाहायला दिली होती आणि खरा घात तिथं झाला.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते हे आपण शाळेत शिकलो. समुद्रकाठी त्यात मिठाची भर पडते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. म्हणजे पाऊस पडत नसतानाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. शिवाय मिठातलं क्लोराइड गंजाच्या थरातून आत शिरत राहतं, म्हणून वरचा गंज खरवडून रंग लावला तरी खाली काम चालूच असतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो वेगळाच. मासळीच्या गाडीत तर वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या प्रत्येक सांध्यात दिवसभर झिरपत असतं.

गंजाची आणखी एक खोड आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडले आणि मधे पाणी शिरलं, तर गंज फुगतो आणि पत्रे पाचरीसारखे उचलतो. बाहेरून रंगाला फक्त एक फोड दिसतो. तो फोड म्हणजे रोगाची सुरुवात असं लोक समजतात. माझ्या अनुभवात तो बहुधा शेवट असतो.

या गाडीची केबिन मी घासायला घेतली तेव्हा वरचा रंग उत्तम होता. त्याखाली लांबी निघाली. लांबी म्हणजे खोक भरून पृष्ठभाग सारखा करण्याचं लुकण. ती पातळ लावायची असते, एक-दोन मिलिमीटर. इथं ती बोटभर जाड होती, आणि खालच्या कोपऱ्यात तिला आधार म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घातलेली होती. पत्रा नव्हताच. कुणीतरी गाडीचं चित्र काढून ठेवलं होतं म्हणा ना!

मी त्या माणसाला नावं ठेवणार नाही, कारण सुरुवातीच्या काळात माझ्याही हातून एक चूक झाली आहे. एका जीपचा दाराखालचा पेटीसारखा भाग मी नवा बनवला आणि पाणी शिरू नये म्हणून चहूबाजूंनी वेल्डिंग करून बंद केला. खाली भोक ठेवलं नाही. मला ते मजबूत काम वाटलं होतं. तीन पावसाळ्यांत तो भाग आतून सडला. पाणी शिरायला सुईएवढी वाट पुरते, पण बाहेर पडायला तिथून वाट मिळत नाही. ते काम मी पुन्हा फुकट करून दिलं.

त्या पिकअपचे सुटे पत्रे आता कुणी बनवत नाही. त्यामुळे जे सडलं ते हातानंच घडवावं लागतं. आधी सडलेला भाग कापताना चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं. अर्धवट गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही, भोक पडत जातं. मग पुठ्ठ्याचा साचा काढायचा. डावी बाजू सडली असेल तर उजवीचा साचा उलटा करून वापरायचा, आणि दोन्ही सडल्या असतील तर जुने फोटो शोधायचे. या गाडीचा एक फोटो मालकांच्या लग्नाच्या अल्बमात सापडला. नवरा-नवरीच्या मागे गाडीचा मागचा कोपरा आणि फाळका स्पष्ट दिसत होता, आणि फाळक्याच्या साखळीची कडी कुठे होती ते मला त्यावरून कळलं.

पत्रा मी १८ गेजचा वापरला, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा. गोलाई आणायला माझ्याकडे यंत्र नाही. वाळू भरलेली चामड्याची पिशवी, लाकडी मोगरी, हातोडी आणि मागून धरायची डॉली, एवढंच. तांबट हंडा घडवतात त्यातलंच हे शास्त्र आहे. मधे ठोकलं की पत्रा ताणून पातळ होतो आणि खोलगट बनतो. कडेला चुण्या घालून त्या ठोकून बसवल्या की कड आकसते. केबिनच्या एका कोपऱ्याला मला चार दिवस लागले आणि पहिला तुकडा भंगारात गेला.

जोडताना पत्र्यावर पत्रा चढवून वेल्डिंग करणं सोपं. पण तसं केलं की मधे फट राहते, आणि फटीत काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून कडेला कड भिडवून जोडायचं. गॅसची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तिची आच दूरवर पसरते, त्यामुळे सपाट पत्रा हमखास वाकडा होतो. सीओटू वेल्डिंगमध्ये आच कमी पसरते. तरीसुद्धा सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथं, दुसरा वीतभर दूर, मग थांबायचं, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं की त्याला हे थांबणं आळस वाटतो.

हौद्याचं काम मात्र पुढे सरकेना. मालकांना तो दोन फूट लांब करून हवा होता, पेट्या जास्त मावतील म्हणून. शिवाय पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं होतं. एके काळी कोकणातल्या कितीतरी जीपगाड्यांत मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं, त्यामुळे त्यांची मागणी काही जगावेगळी नव्हती. मी नाही म्हटलं आणि त्यावर आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं.

माझं पहिलं कारण साधं, तराजूचं. मागच्या चाकांच्या आसामागे ठेवलेलं वजन पुढची बाजू उचलतं. आसामागे अडीच फुटांवर १०० किलो ठेवले, तर पावणेसात फुटांच्या या गाडीत पुढच्या चाकांवरचा सुमारे ३७ किलो भार कमी होतो. तिथं ४०० किलोच्या पेट्या ठेवा आणि आंबा घाट चढायला लागा. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळायला कां-कूं करते. शिवाय लांबवलेल्या हौद्याला आधार द्यायचा तर चासी मागे वाढवावी लागते. चासीच्या पन्हाळीत वरच्या आणि खालच्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि नेमकं तिथंच लोक भोक पाडतात किंवा आडवं वेल्डिंग मारतात. तडा तिथूनच जातो.

दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते.

मालकांनी मग विचारलं, "व्हिंटेज म्हणून नोंदवून टाकू का?" त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं तसे नियम केले आहेत खरे. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, मग तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण ती गाडी रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच. प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणायची. आणि हे नियम दुचाकी व प्रवासी चारचाकी गाड्यांचे आहेत. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्यांत बसत नाही. ज्या गाडीनं आयुष्यभर ओझी वाहिली तिला मानाच्या पंगतीत पान नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

शेवटी मालकांनीच तोडगा काढला. पेट्यांसाठी त्यांनी नवी पिकअप घेतली आणि वडिलांची गाडी मूळ मापात, मूळ इंजिनासह उभी करायची ठरवली. बागेतली खतं आणायची, गावात फिरवायची, एवढंच काम तिला.

मग मी माझ्या मनासारखे बदल केले, पण ते कुणाला दिसणार नाहीत. प्रत्येक बंद पेटीच्या सगळ्यात खालच्या जागी करंगळी जाईल एवढी भोकं ठेवली. पत्रे जोडण्याआधी आतल्या बाजूला जस्ताचं अस्तर दिलं, नंतर भोकांतून नळी घालून आत मेणासारखं पातळ द्रावण फवारलं. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. ते थोड्या दिवसांत धुऊन जातं आणि रबराचे भाग फुगवतं ते वेगळंच. हौद्यात तळाला वडिलांनी घातलेल्या फळ्या होत्या. त्या पुन्हा बसवताना दोन फळ्यांत बोट जाईल अशी फट सोडली आणि फळी व लोखंड यांमध्ये रबराची पट्टी घातली, कारण ओलं लाकूड लोखंडाला टेकून राहिलं की त्याच रेषेवर गंज धरतो. लांबी लागली, पण कागदाच्या जाडीची. या सगळ्याला रंगाच्या चौपट वेळ गेला आणि बिल दाखवताना मला तेवढंच समजावून सांगावंही लागलं.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर मालकांचा फोन आला. आवाजात काळजी होती. गाडी दारांखालून चार-पाच ठिकाणी गळतेय म्हणाले, बूच मारायला कधी येऊ? मी म्हटलं, गळू दे. आठवड्यातून एकदा एक तार घेऊन भोकं मोकळी आहेत ना, तेवढं बघा.